बिल्ल्याची मागची बाजू

६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा फडकला आणि १२ मे रोजी शहरावर मार्शल लॉ पुकारला गेला. त्या दिवसांत लोकांच्या डोक्यावरच्या गांधी टोप्या सक्तीने उतरवल्या गेल्या. वीतभर कापडाची सरकारला एवढी धास्ती का वाटावी? कारण माणूस कोणाचा हुकूम मानतो, हे अंगावरची खूण सांगते. गणवेश शिवून परगावी पाठवणाऱ्या या शहराने गणवेशावरच्या खुणांकडेही त्याच नजरेने पाहावे, विशेषतः अग्निशमन दलाच्या. किती बंब गेले, आग कधी आटोक्यात आली, हे अहवालात सापडते. ते बंबवाले कोणाच्या ताब्यात होते, हे बिल्ला सांगतो.

याचा ठसठशीत पुरावा जर्मनीत आहे. तिथली दले मुळात गावकऱ्यांची. १८४६ मध्ये कार्ल मेट्झने बनवलेल्या पंपासह डुरलाखला स्वयंसेवकांचे दल उभे राहिले. पुढच्याच वर्षी शेजारच्या कार्ल्सरूहचे नाट्यगृह पेटले तेव्हा त्या दलाची शिस्त साऱ्यांना दिसली आणि गावोगाव तशी दले निघाली. त्यांच्या बकलांवर नि बटणांवर हेल्मेट, कुऱ्हाड, शिडी अशी कामाचीच साधने कोरलेली असत. २३ नोव्हेंबर १९३८ च्या कायद्याने हे सारे पोलिसांच्या हाताखाली गेले. मोठ्या शहरांतली पगारी दले ‘अग्निसंरक्षण पोलीस’ झाली, अंगावर पोलिसी हिरवा रंग आला, आणि बाहीवर ओकच्या पानांच्या वेढ्यात गरुड, त्याच्या पंजात नात्सी स्वस्तिक. पण त्याआधी दोनच आठवडे, ९ नोव्हेंबरच्या रात्री, ज्यूंची प्रार्थनास्थळे जळत असताना बंबवाल्यांना फक्त शेजारच्या इमारती वाचवण्याचा हुकूम होता. म्हणजे हुकूम आधी बदलला, अंगावरचा हिरवा रंग मागाहून आला. युद्धानंतर कित्येक हेल्मेटे स्वस्तिक खरवडून तशीच वापरात राहिली. रंगाखालचे ते ओरखडे एखाद्या जाहीरनाम्यापेक्षा जास्त बोलतात.

असल्या वस्तू जमवणे म्हणजे नात्सींचे कौतुक, हा आक्षेप गंभीर आहे. जर्मन दंडसंहितेचे कलम ८६ अ ही चिन्हे जाहीरपणे मिरवू देत नाही. अध्यापन, संशोधन आणि इतिहासासाठी मात्र सूट देते. ही रेषा मला योग्य वाटते, कारण तिने संग्राहकावर जबाबदारी येते. नकली मालही उदंड आहे. म्हणून जाणकार बिल्ला आधी उलटा करतो: पिनेचा डाख जुना आहे का, कारखान्याचा शिक्का आहे का, घासून काही पुसले आहे का. तो कुठल्या दलाचा, कोणी वापरलेला, हे लिहून ठेवले नसेल तर हातात नुसते पितळ उरते.

आपल्याकडे सत्तेबरोबर खुणा अशा कुठे बदलल्या, असे कोणी म्हणेल. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या स्फोटांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. ज्या ब्रिटिश राज्याच्या युद्धसामग्रीने त्यांचा बळी घेतला, त्याचा मुकुट सहा वर्षांत सरकारी चिन्हांतून गेला. सोलापुरातही १ मे १९६४ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. नगरपालिकेचे नाव ज्या-ज्या वस्तूवर होते, ती त्या दिवसापासून जुन्या काळाची ठरली. १८ मे २०२५ च्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतल्या आगीत आठ जीव गेलेले असताना बिल्ल्यांची चिंता कशाला, हा प्रश्न अधिक टोचणारा आहे. पैसा आधी शिड्या नि श्वसनयंत्रांकडेच जावा; बिल्ल्यांना काचेचे एक कपाट नि एक वही पुरते. पण जुना बिल्ला मोडीत गेला की त्यावरचा नंबरही जातो, आणि कोण्या काळी धुरात शिरलेल्या साध्या जवानाचे नाव हजेरीपटावर शोधायचे, तर हाताशी पुष्कळदा तेवढा नंबरच असतो.