घड्याळ धरणारे हात

सायकलशर्यतीचा इतिहास लिहिणारे बहुधा जिंकणाऱ्यांचीच नावे लिहितात. पंगत उठली की स्वयंपाकाची वाखाणणी होते, वाढप्याची आठवण कोणाला राहत नाही. तसेच हे आहे. इंग्लंडमधील वेळेच्या शर्यतींचा वृत्तांत या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. कारण तेथे वाढप्यांवाचून पंगत बसणेच शक्य नव्हते.

१८९४ च्या जुलैत नॉर्थ रोड सायकल क्लबची ५० मैलांची शर्यत चालू असता एका बाईंच्या गाडीचा घोडा बुजला, काही स्वार कोसळले आणि तक्रार पोलिसांपर्यंत गेली. सायकलवाल्यांविषयी अधिकाऱ्यांचे मत आधीच कलुषित होते. आता रस्त्यावरून सायकलच हद्दपार होते की काय, या धास्तीने नॅशनल सायक्लिस्ट्स युनियन या मध्यवर्ती संस्थेने पुढे रस्त्यावरील झुंडीच्या शर्यतींना बंदी घातली.

त्या शर्यतीत फ्रेडरिक टॉमस बिडलेक हाही होता. वाट काढली ती त्यानेच. एकेका मिनिटाच्या अंतराने एकेक स्वार सोडायचा. कोणी कोणाच्या आडोशाने जायचे नाही. निकाल घड्याळाने द्यायचा. १८९५ च्या ऑक्टोबरात अशी ५० मैलांची शर्यत झाली आणि हीच रीत रूढ झाली. शर्यती भल्या पहाटे होत. स्वार नखशिखान्त काळे कपडे घालीत. मार्गाचे नाव न छापता अक्षर-आकड्यांची खूण छापीत, आणि कागदावर ‘खाजगी’ असा शेरा असे.

वाचकहो, या गुप्ततेचा परिणाम ध्यानात घ्यावा. प्रेक्षक नाहीत म्हणजे तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे पगारी माणूस नाही. तेव्हा सारा भार क्लबांतील हौशी मंडळींवर पडला. एकाने अंधारात उभे राहून स्वाराची सायकल तोलून धरायची, दुसऱ्याने वळणावर रस्ता दाखवायचा, तिसऱ्याने चहाचे आधण ठेवायचे. आज आपण उभे राहावे, म्हणजे पुढल्या रविवारी दुसरा कोणी आपल्यासाठी उभा राहील, हाच यातला अलिखित करार. सर्वांत अवघड काम वेळ नोंदणाऱ्याचे. स्वाराला प्रतिस्पर्धी दिसतच नाही. म्हणून त्या एका माणसाच्या सचोटीवरचा विश्वास डळमळला, तर शर्यतीत उरतेच काय?

तथापि याच निष्ठेतून भांडणही उपजले. १९४२ च्या ७ जूनला पर्सी स्टॅलर्डने पोलिसांच्या संमतीने लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी एकत्र धावण्याची शर्यत भरवली. दंगा झाला नाही, उलट लोकांनी गर्दी करून कौतुक केले. तरीही युनियनने त्याला निलंबित केले. त्याच वर्षी त्याच्या पक्षाने ब्रिटिश लीग ऑफ रेसिंग सायक्लिस्ट्स ही निराळी संस्था काढली. जुन्यांना वाटे, हे लोक पन्नास वर्षांची पुण्याई उधळणार. नव्यांना वाटे, हे भीतीलाच शिस्त म्हणतात. दोन्हीकडे राबणारे मात्र बिनपगारीच. १९५९ मध्ये लीग आणि युनियन एक झाल्या. जुन्यांनी खेळ जगवला, नव्यांनी तो उजेडात आणला, असाच निवाडा करावा लागेल.

पहाटेच्या या व्रताचे फळ १९६७ च्या सप्टेंबरात दिसले. यॉर्कशरमधील १२ तासांच्या शर्यतीत बेरिल बर्टन हिने २७७¼ मैल काटले. त्याच दिवशी पुरुषांचा नवा विक्रम करणाऱ्या माइक मॅकनमारालाही तिने मागे टाकले, आणि ओलांडताना त्याच्या हाती ज्येष्ठमधाची गोळी ठेवली. ही गोळी सर्वांना ठाऊक आहे. पण १२ तासांत कोण किती मैल गेले, हे ठरते वाटेवरील ठाण्याठाण्यांवर नोंदलेल्या वेळांवरून. दिवसभर घड्याळ धरून तेथे बसलेल्यांनी एकदा जरी डोळा चुकवला असता, तर तो विक्रम दंतकथाच ठरला असता.

बिडलेकने स्वतःही वर्षानुवर्षे इतरांच्या वेळा नोंदल्या. १९३३ मध्ये सायकलवर असताना मोटारीचा धक्का लागून तो वारला. ग्रेट नॉर्थ रोडवर गर्टफर्ड पुलाजवळ त्याच्या स्मरणार्थ लहानशी बाग करण्यात आली. रस्त्याच्या कडेला उभे राहून ज्याने आयुष्य वेचले, त्याचे स्मारक रस्त्याच्या कडेलाच असावे, हे यथायोग्यच झाले.