माशिकुली

माशिकुली (इंग्रजी रूप: मॅचिकोलेशन) म्हणजे किल्ल्याच्या तटाच्या, बुरुजाच्या अथवा प्रवेशद्वाराच्या माथ्यावर बाहेर काढलेल्या सज्जाच्या तळाशी ठेवलेली छिद्रे होत. अशा छिद्रयुक्त सज्जासही हीच संज्ञा लावतात.

व्युत्पत्ती

हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतील ‘चिरडणे’ या अर्थाचे क्रियापद आणि ‘मान’ या अर्थाचे नाम यांपासून बनला, असे सामान्यतः मानतात. म्हणजे शब्दशः ‘मानमोड’. आधुनिक फ्रेंच रूपाचा उत्तरार्ध ‘वाहणे’ या अर्थाच्या क्रियापदासारखा दिसत असल्याने त्याच्याशीही संबंध जोडला जातो. इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकात रूढ झाला. मराठीतील ‘माची’ या दुर्गवाचक शब्दाशी त्याचे साम्य केवळ उच्चारापुरते आहे. माची म्हणजे बालेकिल्ल्याखालची तटबंदीयुक्त सपाटी, उदा. राजगडाची सुवेळा माची.

रचना व उपयोग

तटातील जंग्यांमधून समोरचा शत्रू टिपता येतो. परंतु तटाच्या अगदी पायथ्याशी भिडलेला शत्रू दृष्टीआड राहतो. सुरुंग लावणे, शिड्या टेकवणे, दरवाजा फोडणे ही कामे तेथेच होतात. ही उणीव भरून काढण्यासाठी दगडी घोड्यांवर सज्जा तोलून त्याच्या तळाशी छिद्रे ठेवीत. त्यांतून दगड, उकळते पाणी, तापलेली वाळू इत्यादी खाली टाकीत. उकळत्या तेलाचा उल्लेख लोकप्रिय असला, तरी तेल महाग असल्याने त्याचा वापर क्वचितच होई.

इतिहास

सीरियातील कस्र अल-हैर अल-शर्की येथील आठव्या शतकातील प्रवेशद्वारावर याचे प्रारंभीचे उदाहरण आढळते. फ्रान्समधील शातो गैयार (११९६–९८) येथे भिंतीच्या आधारस्तंभांवरील कमानींमागे अशी छिद्रे होती. याच काळापूर्वीपासून युरोपात तटावर लाकडी सज्जे उभारीत; मात्र ते जळत असल्याने पुढे दगडी माशिकुली प्रचारात आली. चौदाव्या शतकातील आव्हीन्यों येथील पोपच्या प्रासादातही ती दिसते.

तोफांचा प्रभाव वाढल्यावर उंच, पुढे आलेले सज्जे सहज कोसळू लागले. त्यांची जागा ठेंगण्या, जाड तटांनी आणि बाजूने मारा करणाऱ्या कोनाकृती बुरुजांनी घेतली. त्यानंतर माशिकुली मुख्यतः शोभेपुरती उरली. दख्खनच्या काही किल्ल्यांच्या प्रवेशद्वारांवरही पेटीसारखे असे सज्जे आढळतात.