चिंता विकार

चिंता विकार हा अवाजवी, दीर्घकाळ टिकणारी आणि दैनंदिन जीवनात अडथळा आणणारी चिंता किंवा भीती हे मुख्य लक्षण असलेल्या मानसिक विकारांचा गट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ३० कोटींहून अधिक लोकांना हा विकार होता. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते. प्रभावी उपचार उपलब्ध असूनही अनेक रुग्ण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

स्वरूप

परीक्षा, आजारपण किंवा आर्थिक अडचण अशा प्रसंगी चिंता वाटणे स्वाभाविक असते. धोका ओळखून शरीराला सज्ज करणे हे तिचे कार्य आहे. मात्र प्रसंग टळल्यावरही ती ओसरत नसेल, कारणाच्या मानाने फार तीव्र असेल आणि त्यामुळे झोप, शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंध बिघडत असतील, तर तिला विकार मानले जाते.

प्रकार

* सर्वसाधारण चिंता विकार: अनेक बाबींविषयी किमान सहा महिने टिकणारी, आवरता न येणारी काळजी.
* पॅनिक विकार: अचानक उद्भवून काही मिनिटांत शिगेला पोहोचणारे तीव्र भीतीचे झटके. छातीत धडधड, गुदमरणे, घाम व मृत्यूची भीती ही त्यांची लक्षणे होत. ती हृदयविकाराच्या झटक्यासारखी भासत असल्याने पहिल्या वेळी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.
* सामाजिक चिंता विकार: इतर लोक आपल्याला नावे ठेवतील या भीतीने चारचौघांत बोलणे किंवा वावरणे टाळणे.
* भयगंड: उंची, प्राणी, रक्त अशा विशिष्ट गोष्टींची अतिरेकी भीती.

कारणे

आनुवंशिकता, स्वभाव, बालपणातील आघात आणि दीर्घकालीन ताण यांच्या एकत्रित परिणामातून हा विकार उद्भवतो. अवटू ग्रंथीची (थायरॉइडची) अतिक्रियाशीलता किंवा कॅफिनचे अतिसेवन यांमुळेही अशीच लक्षणे दिसू शकतात.

उपचार

बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) ही प्रमुख मानसोपचार पद्धती आहे. तीत भीतीमागील विचार तपासले जातात आणि टाळलेल्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा सराव केला जातो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनातून मराठी वाचकांना परिचित झाली. औषधांमध्ये मुख्यतः नैराश्यरोधी औषधे वापरतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एकाएकी बंद करू नयेत. झटपट शांत करणाऱ्या काही गोळ्यांची सवय लागण्याचा धोका असतो.

निकटवर्तीयांची भूमिका

'उगाच काळजी करतोस' किंवा 'मन खंबीर कर' अशा सल्ल्याने रुग्णाला दोषी वाटते. दुसरीकडे, केवळ मायेपोटी केलेली मदतही विकार टिकवून ठेवू शकते. सीताबर्डीच्या गर्दीची भीती वाटणाऱ्या व्यक्तीची खरेदी दरवेळी घरच्यांनीच केली, तर तिला तात्पुरता दिलासा मिळतो. परंतु गर्दी सहन करता येते हा अनुभव तिला कधीच येत नाही आणि भीती कायम राहते. त्याऐवजी प्रथम कमी गर्दीच्या वेळी सोबत जाणे आणि पुढे तिच्या संमतीने, तिला झेपेल त्या गतीने सोबत कमी करणे उपयुक्त ठरते. तोच प्रश्न वारंवार विचारून खात्री करून घेण्याच्या सवयीलाही हेच लागू पडते. झटक्याच्या वेळी शांतपणे जवळ थांबणे आणि सावकाश श्वास घेण्यास साहाय्य करणे पुरेसे असते. आत्महत्येचा विचार बोलून दाखवल्यास तो गांभीर्याने घेऊन त्वरित मदत मिळवावी.

नागपुरातील उपचारसोयी

नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ मध्ये स्थापन झाले. ठाणे, पुणे व रत्नागिरी येथील रुग्णालयांसह ते राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. त्याच्या परिसरातील चौक बोलीभाषेत 'पागलखाना चौक' म्हणून ओळखला जातो. मानसिक आजाराला चिकटलेला कलंक या नावातही दिसतो. चिंता विकाराच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावे लागत नाही, त्यांच्यावर बाह्यरुग्ण विभागात उपचार होतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ('मेडिकल'), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ('मेयो') आणि एम्स या सर्वसाधारण रुग्णालयांतही मनोविकार विभाग आहेत.

कायदा व साहाय्य

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा आणि उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते. रुग्णाचे नातेवाईकही या सेवेचा लाभ घेऊ शकतात.