षड्भागाचे दोन अर्थ

कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणातील तेराव्या अध्यायात राज्यसंस्थेच्या उत्पत्तीची एक कथा येते. मात्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व विक्रेय मालाचा दहावा हिस्सा, तसेच सुवर्ण, हे त्याचे भागधेय ठरविले; त्यावर पोसलेले राजे प्रजेचा योगक्षेम वाहतात. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून ही कथा भारतीय ‘सामाजिक करारा’चे उदाहरण म्हणून वारंवार पुढे करण्यात आली. ती कोणाच्या तोंडी आहे, इकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही.

ती हेरांच्या तोंडी आहे. तीर्थस्थानी, सभेत, श्रेणींत व जनसमुदायात दोन हेरांनी वाद उकरून काढावयाचा. राजा गुणसंपन्न म्हणून ऐकिवात आहे, पण दंड व कर यांनी तो लोकांना पिळतो, त्याचा गुण एकही दिसत नाही, असे एकाने म्हणावयाचे. दुसऱ्याने मनूची कथा सांगून त्याला व त्याची री ओढणाऱ्यांना गप्प करावयाचे. राजाची अवज्ञा करणाऱ्यावर दैवी दंडही कोसळतो, ही पुस्तीही तेथेच आहे. राजाने रक्षण न केल्यास काय, हा प्रश्न या संवादात कोणी विचारीत नाही. सातव्या अधिकरणात विरक्त प्रजा शत्रूला मिळते किंवा स्वामीलाच ठार करते, असा इशारा कौटिल्य देतो खरा. पण ती राजाच्या हिताची भाषा आहे, प्रजेच्या हक्काची नव्हे.

महाभारताच्या शान्तिपर्वातील सदुसष्टाव्या अध्यायाची धाटणी निराळी आहे. तेथे लोक आधी आपसांत समय करतात: कठोरभाषी, दंडपरुष, परदारागामी व परधन हरण करणारा यांना बहिष्कृत करावे. हा समय टिकत नाही, म्हणून ते ब्रह्मदेवाकडे जातात. त्याने नेमलेला मनू आरंभी नकार देतो. त्याला पापकर्माची भीती वाटते. अर्थात नीतीचा नियम राजाच्या आधीचा आहे. राजा त्याला केवळ बळ पुरवितो. सार्वभौम सत्तेपूर्वी न्याय-अन्याय यांना अर्थच नाही, हे हॉब्जचे १६५१ मधील प्रतिपादन या अध्यायाशी जुळवू पाहणाऱ्यांनी एवढा भेद तरी ध्यानात घ्यावयास हवा.

बौद्ध परंपरेत हाच षड्भाग राजाविरुद्ध उलटला. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात लोक महासम्मताला तांदळाचा वाटा देऊ करतात. प्रमाण तेथे सांगितलेले नाही. नागार्जुनाचा शिष्य आर्यदेव याने ‘चतुःशतका’त मात्र राजाला गणाचा दास म्हटले असून सहाव्या हिश्श्यावर जगणाऱ्याला दर्प कसला, असा प्रश्न केला आहे. हेराच्या मुखी ज्या आकड्याने प्रजेचे तोंड बंद केले, त्याच आकड्याने येथे राजा नोकर ठरतो. सातव्या शतकातील टीकाकार चंद्रकीर्ती या ठिकाणी आद्य कल्पातील लोकांची गोष्ट देतो: चोऱ्या होऊ लागल्या, तेव्हा त्यांनी पिकाच्या सहाव्या हिश्श्याच्या बोलीवर एक समर्थ माणूस शेते राखावयास ठेवला, आणि पुढे त्यालाच राजा म्हणू लागले.