रात्रभर चालू ठेवलेल्या लॅब

२८ फेब्रुवारी २०२४. जगभरचे विंडोज संगणक कोसळण्याच्या पावणेपाच महिने आधी.
क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती येते. तिच्यात हल्ले ओळखण्याचा एक नवा साचा आहे. साच्यात माहितीचे रकाने २१, पण कोड भरतो फक्त २०. मार्चच्या चाचणीत आणि एप्रिलमधल्या तीन वापरांत हे उघडकीस येत नाही, कारण एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असते आणि तिथे कुणी डोकावत नाही.

१८ जुलै, गुरुवार. काही तास आधी.
अमेरिकेतल्या विद्यापीठांत उन्हाळा. विद्यार्थ्यांच्या सामायिक लॅबमध्ये दिवसा अपडेट लावले, तर तास चालू असतानाच मशीन रीस्टार्ट होते. म्हणून अनेक ठिकाणी संगणक रात्री मुद्दाम चालू ठेवतात आणि अपडेट आपोआप लागू देतात. ही पद्धत मला योग्यच वाटते. जिथे एका खुर्चीवर दिवसभरात अनेक जण बसतात, तिथे जुने सॉफ्टवेअर ठेवणे म्हणजे सगळ्यांचेच काम उघड्यावर टाकणे. मे २०१७ मध्ये चीनमधल्या विद्यापीठांत ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विद्यार्थ्यांचे प्रबंध कुलूपबंद केले, तेव्हा त्यावरची दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते.

१९ जुलै, शुक्रवार, भारतात सकाळचे ९:३९.
न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटून ९ मिनिटे झाली आहेत. क्राउडस्ट्राइककडून त्याच साच्यावर आधारलेली २९१ क्रमांकाची फाइल सुटते. या वेळी एकविसाव्या रकान्यात खरी अट आहे. फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष असल्याने ती अडत नाही. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात चालतो. तो नसलेला एकविसावा रकाना वाचायला जातो आणि अख्खे मशीन कोसळते. निळी स्क्रीन, रीस्टार्ट, पुन्हा निळी स्क्रीन.

सावध ग्राहकांनी ‘एक आवृत्ती मागे राहू’ असा पर्याय निवडला होता. पण तो फक्त मूळ सॉफ्टवेअरला लागू होता. अशा फाइली सगळ्यांकडे एकदमच जात. माझा आक्षेप इथे आहे. आपोआप लावण्याला माझी हरकत नाही, एकाच वेळी सगळ्यांना लावण्याला आहे. कुणाचेच काम न अडणाऱ्या दहा मशीनवर ही फाइल आधी धाडली असती, तर ती तिथेच पकडली गेली असती.

सकाळचे १०:५७.
फाइल मागे घेतली जाते. मधली ७८ मिनिटे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन या तडाख्यात सापडली. त्या वेळात बंद असलेले संगणक वाचले. अपडेटसाठी जागे ठेवलेले सापडले.

दुपार.
यंत्रणा ठप्प झाल्याने भारतातल्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले जात आहेत.

त्यानंतरचे तास.
दुरुस्ती दुरून करता येत नाही, कारण दुरून हात घालू देणारा प्रोग्राम सुरू होण्याआधीच मशीन पडते. माणसाने प्रत्येक संगणकापुढे बसायचे, सेफ मोडमध्ये जायचे, ड्रायव्हर्सच्या फोल्डरमधली २९१ची फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचे. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल, तर आधी ४८ आकडी किल्ली टाइप करायची, प्रत्येक मशीनची वेगळी. किल्ल्यांचा सर्व्हरच पडला असेल, तर आधी तो उठवायचा. काही मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून सावरली. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरच्या काही ग्राहकांच्या बाबतीत १५ वेळांपर्यंतचा आकडा सांगितला. ४० संगणकांची लॅब, प्रत्येकी १० मिनिटे धरली, तरी एका माणसाचे जवळजवळ ७ तास होतात. विद्यापीठात लॅब एकच नसते, आणि हे काम करणारे लोक मोजकेच असतात.

२९ जुलै.
कंपनी सांगते, सुमारे ९९ टक्के विंडोज मशीन पुन्हा जोडली गेली आहेत.

६ ऑगस्ट.
कारणांचा अहवाल येतो. रकान्यांची संख्या आता आधीच तपासली जाईल, अशा फाइली टप्प्याटप्प्याने जातील आणि त्या कधी, कुठे लावायच्या यावर ग्राहकांचे जास्त नियंत्रण राहील, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे कोणत्या लॅबला आधी आणि कोणत्या लॅबला नंतर, हे आता ती लॅब सांभाळणाऱ्यांनाही ठरवता येईल.