ज्येष्ठांचा मोफत एसटी प्रवास : सवलत कोणाला आणि कोठपर्यंत?

प्रतिनिधी

वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठ नागरिकांना एसटीच्या गाड्यांतून राज्यभर विनामूल्य प्रवासाची मुभा देणारी ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ २६ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाली. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी वर्षाचे औचित्य साधून राज्य शासनाने ही सवलत दिली. मात्र ती नेमकी कोणाला आणि कोठपर्यंत मिळते, याविषयी अनेक ज्येष्ठांच्या मनात संभ्रम आढळतो.

वयाचे दोन टप्पे

पंचाहत्तरीपुढील प्रवाशांना साध्या गाडीपासून वातानुकूलित गाडीपर्यंत सर्व सेवांमध्ये पूर्ण सवलत मिळते. ६५ ते ७५ या वयोगटासाठी ती ५० टक्के आहे. योजना सुरू करताना स्वतंत्र पासची अट नव्हती. आधार कार्ड, निवडणूक ओळखपत्र, वाहन परवाना यांसारखी शासकीय ओळखपत्रे वयाचा पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आली. वाहक अशा प्रवाशाला शून्य रकमेचे तिकीट देतो. त्या तिकिटाची किंमत शासनाने महामंडळाला द्यावयाची असते. म्हणून प्रवास मोफत असला, तरी तिकीट घेणे आवश्यक असते.

सवलतीची हद्द

ही सवलत राज्याच्या सीमेपर्यंतच आहे. पणजी किंवा बेळगावला जाणाऱ्या गाडीत सीमेपलीकडील अंतराचे भाडे भरावे लागते. शहरी बससेवेला ही योजना लागू नाही. मुंबईतील ‘बेस्ट’ आणि पुण्यातील ‘पीएमपी’ हे स्वतंत्र उपक्रम असल्याने त्यांचे सवलतीचे नियमही वेगळे आहेत. साहजिकच, गावी फुकट जाणाऱ्या शहरातील आजोबांना घरापासून रुग्णालयापर्यंत जाण्यासाठी या योजनेचा उपयोग होत नाही.

साठी ते पासष्टीचा पेच

केंद्राच्या २००७ च्या कायद्यानुसार वयाच्या साठाव्या वर्षी व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. राज्य शासनानेही २०१८ मध्ये आपल्या ज्येष्ठ नागरिक धोरणातील वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणली. एसटीच्या ज्येष्ठ सवलतीसाठी मात्र पासष्टीची अट राहिली. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत निम्मे भाडे लागू झाल्याने हा पेच आता प्रामुख्याने पुरुषांपुरता उरला आहे.

रेल्वेत पूर्वी ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के, तर ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये ती काढून घेण्यात आली. निवृत्तीनंतर ज्यांना निवृत्तिवेतन नाही, अशा साठीतील पुरुषांची त्यामुळे दोन्हीकडून अडचण झाली. कागदोपत्री ज्येष्ठ ठरूनही एसटीच्या खिडकीवर त्यांना पूर्ण भाडे मोजावे लागते.