मठाचे अंगण

ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास रक्ताने लिहिला गेला, हे आपण जाणतो. १३२१ साली येथे चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू हुतात्मा झाले. त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन ज्यांनी दफन केले, त्या डॉमिनिकन जॉर्डानुस यांनी पुढे ‘मिराबिलिया’ हा ग्रंथ लिहिला. त्यात खोडाला लगडणारा फणस, आंबा, नारळ आणि पारंब्यांचा वड यांचे विस्मयाने वर्णन आहे. बंधूंच्या देहांवर माती लोटणाऱ्या हातांनीच या मातीची झाडेही नोंदविली!

सोळाव्या शतकात पोर्तुगीज फ्रान्सिस्कन आले. वसई किल्ल्यातील त्यांच्या संत अंतोनी मठाचे चौकोनी अंगण व भोवतीच्या कमानी आज भग्नावस्थेत दिसतात. हा आराखडा युरोपातला. पण आपल्या वाड्यातील चौकाशी त्याचे नाते सहज जुळते. मध्ये उघडे आकाश, चारी बाजूंस छपराखालची वाट. चैत्राच्या उन्हात व आषाढाच्या सरींतही प्रार्थना करीत फिरावे, अशी ती सोय. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि ते पर्व संपले.

आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत चर्चच्या आवारावर पहिला हक्क वाहनांचा ठरू पाहतो. फरशी तापते, पाणी मुरत नाही. नवे अंगण आखताना जुना धडा पुरेसा आहे, असे आम्हांस वाटते: भोवती पडवी, मधली माती मोकळी, पागोळ्यांच्या पाण्यासाठी चर, कडेला बकुळ, भिंतीलगत अनंत व मोगरा. मिस्सेनंतर वृद्धांनी सावलीत क्षणभर टेकावे, मुलांनी फुले वेचावीत. मठाचे मौन तेथे पुन्हा नांदू लागेल.